ध्रुवीय नद्यांत एवढा गाळ येतो कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आर्क्टिक आणि अंटार्क्टिकात उन्हाळा जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा, पाऊस थोडा, नद्या लहान आणि जमीन वरचा थर सोडला तर बाराही महिने गोठलेली. तरी हिमनद्यांतून निघालेल्या तिथल्या कित्येक नद्यांच्या मुखाशी उपग्रहाच्या छायाचित्रांत समुद्र तांबडा-करडा दिसतो. हा गाळ येतो कुठून, पाणी तो वाहून नेतं कसं, आणि नदीचा विसर्ग (सेकंदाला किती पाणी वाहतं ते) माहीत असला तर गाळाचा अंदाज बांधता येतो का? विचारणारा भूगोलाचा विद्यार्थी आहे आणि प्रबंधासाठी विचारतोय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही बांधता येत; निदान एकट्या विसर्गावरून तर नाहीच. पाठ्यपुस्तकात आपण नदीची वहनक्षमता शिकतो: वेग वाढला की क्षमता वाढते, क्षमता वाढली की गाळ वाढतो. ध्रुवीय नदीत, निदान बारीक गाळाच्या बाबतीत, ही क्षमता बहुतेक वेळा पडूनच असते. तुटवडा असतो तो उचलण्याजोग्या, मोकळ्या झालेल्या गाळाचा. त्यामुळे पाणी किती आलं यापेक्षा ते कुठून आलं आणि हंगामात कधी आलं हे विचारावं लागतं. पुढचं सगळं त्याभोवतीच आहे.

आधी ‘कुठून’. हिमनदीचा तळ ओला आहे की खडकाला गोठून चिकटलेला आहे, यावर जवळजवळ सगळं ठरतं. बर्फ जाड असला की तो खालच्या जमिनीची ऊब अडवून धरतो, वरचा दाब द्रवणांक किंचित खाली आणतो आणि बर्फाच्या हालचालीतल्या घर्षणाचीही थोडी उष्णता मिळते. हवा उणे तीस असली तरी तळाशी पाण्याचा पातळ थर राहू शकतो. मग बर्फ खडकावरून घसरतो. त्याच्या बुडाला रुतलेले दगडगोटे खडक घासत जातात आणि त्यातून जे निघतं त्याला भूशास्त्रज्ञ खडकाचं पीठ म्हणतात. शिवाय तळाच्या भेगांत पाणी शिरून, गोठून खडकाचे तुकडे उपटले जातात. बर्फ पातळ आणि थंडगार असला, तळ गोठलेला असला, तर यातलं फारसं काही होत नाही.

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो ड्राय व्हॅलीजमधली ऑनिक्स ही याचं चांगलं उदाहरण. अंटार्क्टिकातली सगळ्यात लांब नदी म्हणतात ती हीच, आणि लांबी सुमारे ३२ किलोमीटर. राइट लोअर हिमनदीपासून निघते, समुद्राकडे पाठ करून आत वाहते आणि व्हांडा सरोवराला मिळते. डिसेंबर-जानेवारीच्या आसपास काही आठवडे पाणी, बाकी वर्षभर कोरडं पात्र. तिथल्या बहुतेक हिमनद्यांचे तळ गोठलेले आहेत. वितळतो तो वरचा पृष्ठभाग आणि समोरचा कडा, त्यामुळे ठिबकणारं पाणी स्वच्छ असतं. नदीत जो काही गाळ दिसतो तो तिच्याच पात्रातल्या वाळूचा आणि वाऱ्याने आणून टाकलेल्या धुळीचा. नदी हिमनदीची, पण गाळात हिमनदीचा हात नावापुरताच. ‘ध्रुवीय नद्या’ असं एकच खातं करून लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

दुसऱ्या टोकाला पश्चिम ग्रीनलंड. उन्हाळ्यात तिथे बर्फाच्या पाठीवर निळी तळी साचतात, पाणी उभ्या भोकांतून शेकडो मीटर खाली तळापर्यंत जातं. हंगामाच्या सुरुवातीला तळाशी पाण्याला वाटा नसतात. खडक आणि बर्फ यांच्यामधल्या लहान-लहान पोकळ्यांतून ते हळूहळू झिरपत राहतं. पाणी वाढत जातं तशी त्याच्या उष्णतेने बर्फाच्या बुडाला बोगदे कोरले जातात, वेग वाढतो आणि हिवाळाभर तळाशी साठलेलं पीठ एका दमात धुऊन बाहेर येतं. रोज दुपारनंतर पाण्याचा दाब वाढला की हे बोगदे आजूबाजूच्या पोकळ्यांत पाणी घुसवतात. दाब उतरला की तेच पाणी गाळ घेऊन परत येतं. कांगरलुसुआकजवळच्या लेव्हरेट हिमनदीच्या पाण्यातला गाळ मोजून २०१२ साली तळाच्या झिजेचा हिशेब मांडला गेला, तो वर्षाला ४.८ मिलिमीटर निघाला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हजार वर्षांत जवळजवळ पाच मीटर खडक! बर्फाची चादर जमिनीला जपते, तिची झीज होऊ देत नाही, असं मानणाऱ्यांना हा आकडा जड गेला.

अख्ख्या ग्रीनलंडचा हिशेब उपग्रहांच्या प्रतिमांवरून २०१७ मध्ये मांडला गेला. जगातल्या समुद्रांना मिळणाऱ्या गोड्या पाण्यापैकी ग्रीनलंडचा वाटा सुमारे १.१ टक्का, पण नद्यांनी आणलेल्या तरंगत्या गाळात मात्र सुमारे ८ टक्के. त्यातही बहुतेक भार मोजक्या मुखांतूनच येतो. बाकीच्या नद्यांत पाणी भरपूर असतं, गाळ बेताचा.

मला जास्त जवळची आहे ती स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहातली बायेल्वा नदी. उत्तर अक्षांश ७९ च्या जवळ, नी-ऑलेसुंद वस्तीच्या पश्चिमेला. ब्रॉगरब्रेन नावाच्या दोन हिमनद्यांतून निघते आणि काँग्सफ्योर्डन या फ्योर्डात, म्हणजे डोंगरांमधल्या लांब, खोल खाडीत, उतरते. भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ मध्ये याच वस्तीत सुरू झालं आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. त्यामुळे या फ्योर्डाच्या तळातला गाळ गोव्याच्या प्रयोगशाळेतही पोचलेला आहे. बायेल्वाचं खोरं सुमारे ३१ चौरस किलोमीटरचं, त्यातला निम्म्याच्या आसपास भाग बर्फाखाली. नॉर्वेच्या जलसंपदा खात्याने पात्रात काँक्रीटचा बंधारा बांधून १९८९ पासून इथे मोजणी ठेवली आहे. पुराच्या दिवशीही विसर्ग काही दशक घनमीटर प्रतिसेकंद. दर पावसाळ्यात बातम्यांत खडकवासल्याचे क्युसेक ऐकणाऱ्या माणसाला हा ओढाच वाटेल. दहा घनमीटर म्हणजे साधारण साडेतीनशे क्युसेक. तरी पहिल्या दशकभराच्या नोंदींत या नदीने वर्षाला सरासरी अकरा हजार टनांच्या आसपास तरंगता गाळ नेला. कमी वर्षी पाच हजार, जास्त वर्षी बावीस हजारांच्या वर. म्हणजे चौपटीहून अधिक फरक. विसर्गावर भरवसा ठेवू नका असं मी म्हणतो ते अशा आकड्यांमुळे.

चौरस किलोमीटरमागे हिशेब केला तर बायेल्वाचे साडेतीनशे टन पडतात. त्याच फ्योर्डातल्या, हिमनदी नसलेल्या लंडनेल्व्हा या चिमुकल्या ओढ्यात तोच आकडा ८० च्या आसपास.

आता ‘कधी’. आपल्याकडे मृगाचा पहिला पूर सगळ्यात गढूळ. उन्हाळाभर सुटी झालेली माती पहिल्या लोंढ्यात वाहून जाते. बायेल्वाला जूनमध्ये पाणी सुटतं तेव्हा नेमकं याच्या उलट दिसतं. पात्र बर्फाने भरलेलं असतं. हिवाळ्यातही हिमनदीतून पाणी पाझरत राहिलेलं असतं आणि ते पुढच्या मैदानात थरावर थर गोठून पसरलेलं असतं. जूनचं पाणी या बर्फाच्या फरशीवरून वाहतं. तळ झाकलेला, काठ गोठलेले. मग पाणी भरपूर असूनही पारदर्शक. खरा गढूळपणा येतो तो फरशी फुटून पात्राचा तळ उघडा पडल्यावर, म्हणजे बहुधा जुलैत.

मग रोजची लय सुरू होते. सूर्य मावळत नाही, पण तो दुपारी उंच आणि मध्यरात्री क्षितिजाजवळ असतो, तेवढ्या फरकानेही वितळणं कमी-जास्त होतं. बर्फावरचं पाणी खाली पोचायला काही तास लागतात, त्यामुळे पाणी चढतं ते संध्याकाळकडे. या चढ-उतारात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पाणी चढताना जो विसर्ग असतो, तोच विसर्ग उतरताना आला तर गाळ बराच कमी. चढत्या पाण्याने हाताशी होतं ते आधीच उचलून नेलेलं असतं. आलेखावर मांडलं तर सरळ रेघ न येता फास पडतो. काही दिवशी हा फास उलटाही फिरतो, म्हणजे उतरत्या पाण्यात गाळ जास्त. काठ ढासळला असेल किंवा लांबचा एखादा हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग) पाण्याच्या तडाख्यात उशिरा सापडला असेल, तर असं होतं.

ऑगस्ट संपताना बर्फ वितळणं मंदावतं आणि विसर्ग उतरतो, म्हणून बरेच जण उपकरणं आवरायला घेतात. माझ्या मते हा घाईचा निर्णय. तोवर जमिनीचा वरचा मीटर-दीड मीटर थर पूर्ण वितळलेला असतो, हिमोढांचे उतार ओले आणि सैल असतात. अशात सप्टेंबरात पाऊस झाला तर एक-दोन दिवसांत महिन्याभराचा गाळ जाऊ शकतो. स्वालबार्डमध्ये शरदातला पाऊस वाढतोय, त्यामुळे हा भाग पुढे आणखी महत्त्वाचा ठरेल.

इथे एक गुंता आहे. ब्रॉगरब्रेनच्या हिमनद्या गेल्या शतकभरात इतक्या पातळ झाल्या आहेत की त्यांचे तळ आता बहुतांशी गोठलेले आहेत. मग गाळ कसा? तो मुख्यतः पुढ्यातल्या आणि कडेच्या हिमोढांतून येतो, म्हणजे हिमनदी मोठी आणि तळाशी ओली होती त्या काळात दळून ठेवलेल्या साठ्यातून. दक्षिणेकडच्या फिन्स्टरवाल्डरब्रेन हिमनदीचं तसं नाही. तिचा आतला भाग अजून ओला आहे, कडा गोठलेल्या. दाबाखाली अडकलेलं तळाचं पाणी हिमनदीच्या पुढे जमिनीतून गढूळ झऱ्यासारखं उसळून येतं. दोन्ही नद्या गढूळ, दोन्ही हिमनदीच्या. पण एकीचा गाळ आज तयार होतोय आणि दुसरीचा साठवणीतला आहे. बाटलीत भरल्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

साठवणीतल्या गाळाचं हे प्रकरण मायकेल चर्च आणि जून रायडर यांनी १९७२ मध्ये मांडलं. हिमनदी मागे हटल्यावर उघडा पडलेला सैल माल नद्या शतकानुशतकं वाहत राहतात. गाळाचा भार आधी वाढतो, मग साठा संपत जाईल तसा उतरतो. आज आर्क्टिकमधल्या बऱ्याच नद्या या चढाच्या बाजूला आहेत. नैऋत्य ग्रीनलंडमधले त्रिभुज प्रदेश १९८० च्या दशकापासून समुद्रात पुढे सरकले आहेत, आणि तेही आर्क्टिकचे इतर किनारे खचत असताना.

आता ‘कसं’. नदीत गाळाचे तीन भाग असतात: विरघळलेला, पाण्यात तरंगत जाणारा आणि तळावरून घरंगळत जाणारा. विरघळलेल्याबद्दल इथे लिहीत नाही, तो रसायनशास्त्राचा वेगळा विषय आहे.

तरंगत्या गाळाबाबत थंड पाण्याची एक करामत बहुतेकांच्या नजरेतून सुटते. शून्य अंशाच्या पाण्याचा चिकटपणा वीस अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन पट असतो. कण किती वेगाने खाली बसेल हे त्यावर ठरतं, म्हणून तोच कण गार पाण्यात त्याच प्रमाणात हळू बसतो. स्टोक्सच्या सूत्राने काढून पाहा: दोन मायक्रॉनचा कण शून्य अंशाच्या स्थिर पाण्यात दिवसाला जेमतेम १७ सेंटिमीटर उतरतो. वाहत्या, घुसळत्या पाण्यात तो बसायचा प्रश्नच येत नाही. एक दशांश मिलिमीटरची बारीक वाळू मात्र सेकंदाला अर्धा सेंटिमीटर उतरते, त्यामुळे वेग जरा मंदावला की ती खाली. म्हणून मैदानात नदीच्या बेटांवर आणि कडांना वाळू सापडते आणि पीठ थेट समुद्रात जातं.

हे पीठ हाताळून पाहण्यासारखं असतं. नदीकाठी बाटली बुडवायची (दुसरा माणूस बंदूक घेऊन अस्वलासाठी चौफेर लक्ष ठेवून उभा असतो, त्यामुळे घाई असतेच), पाणी मोजून आधी वजन केलेल्या गाळणकागदातून ओढायचं, कागद भट्टीत सुकवायचा आणि पुन्हा वजन करायचं. काही शे मिलिलिटर पाण्यानंतरच कागद तुंबतो आणि पंप घरघरायला लागतो. सुकलेला थर बायेल्वाचा असेल तर विटकरी, कारण खोऱ्यात तांबडे वालुकाश्म आहेत. बोटाने चोळला की बोटाच्या रेषांत जाऊन बसतो आणि धुतला तरी पटकन निघत नाही. दातांखाली घेतला तर जेमतेम करकरतो. अजिबात करकरला नाही तर चिकणमाती, चांगलाच करकरला तर वाळू. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही जुनी परीक्षा माहीत असेल.

तळावरून जाणारा भार हे या सगळ्यातलं दुबळं अंग. पूर चढला की गोटे एकमेकांवर आपटल्याचा आवाज काठावर ऐकू येतो, पायाखाली हादराही जाणवतो, पण मोजणार कसं? जाळीचा सापळा पात्रात सोडला तर तो स्वतःच प्रवाह बदलतो किंवा वाहून जातो. नॉर्वेच्या मुख्य भूमीवर निगार्ड्सब्रेन हिमनदीतून निघणाऱ्या नदीत १९६९ मध्ये संशोधकांनी आडवी पोलादी जाळीच उभारून अडलेला माल मोजला होता. तशी हौस सगळीकडे परवडत नाही. एरवी त्रिभुज प्रदेश वर्षाला किती वाढला हे मोजून अंदाज काढतात. काही हिमनदी-नद्यांत हा भार एकूण गाळाच्या निम्म्यापर्यंत जातो, काहींत अगदी थोडा असतो. म्हणून एखाद्या अहवालात ‘एकूण गाळ’ लिहिलेलं दिसलं की तळभार खरंच मोजलाय की ठोकताळ्याने मिळवलाय हे आधी पाहावं.

काठांचंही वेगळंच असतं. गोठलेला काठ काँक्रीटसारखा टणक, तासला जात नाही. पण पाणी शून्याच्या थोडं वर असलं तरी काठाच्या पायथ्याला लागून आतला बर्फ विरघळवतं, कपार पडते आणि वरचा अख्खा ठोकळा पात्रात कोसळतो. विसर्ग तसाच असताना गढूळपणाच्या आलेखात अचानक सुळका दिसला तर उपकरण बिघडलं असं समजून तो खोडण्याआधी वरच्या अंगाला चालत जाऊन यावं.

समुद्रात पोचल्यावर काय होतं? गढूळ पाणी जड, म्हणून ते बुडेल, असं वाटतं. पण खाऱ्या पाण्याएवढं जड व्हायला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ४० ग्रॅम गाळ लागतो. या नद्यांत एरवी तो लिटरमागे एखाद-दोन ग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे गढूळ पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगत पसरतं, आणि उपग्रहाला दिसतो तो हा वरचा थर. मीठ लागलं की मात्र पिठाचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, आणि एकेकटे महिनोन्‌महिने तरंगले असते ते गुठळ्यांनी काही तासांत तळाकडे निघतात. म्हणून बराचसा माल मुखाच्या जवळपासच्या काही किलोमीटरमध्येच बसतो. काँग्सफ्योर्डनच्या टोकाला क्रोनेब्रेनसारख्या समुद्रातच संपणाऱ्या हिमनद्यांपुढे तळावर वर्षाला पाच-दहा सेंटिमीटर गाळ चढतो. फ्योर्डाच्या तोंडाकडे तोच मिलिमीटरांत. वरचा गढूळ थर उजेड अडवतो, खालच्या शैवालाची अडचण होते. समुद्राखाली बर्फाच्या तळातून सुटणारं पाणी मात्र उसळून वर येताना प्लवकं घेऊन येतं, आणि तिथे किटिवेक जातीच्या कुरव पक्ष्यांची झुंबड उडते.

आता तुमच्या प्रबंधाच्या कामाचं. विसर्ग आणि गाळ यांचं घातसमीकरण (गाळ विसर्गाच्या अमुक घाताच्या प्रमाणात बदलतो, असं सूत्र) बसवायचंच असेल तर एकच समीकरण सगळ्या हंगामाला लावू नका. बर्फाच्या फरशीचा जून, वितळण्याचा जुलै-ऑगस्ट आणि पावसाचा सप्टेंबर असे तीन वेगळे करा. चढतं आणि उतरतं पाणीही वेगळं काढा. लॉगरिदम घेऊन बसवलेल्या समीकरणाचं उत्तर परत साध्या आकड्यात आणताना गाळ कमी दिसतो, त्याची दुरुस्ती करा; ती विसरलेले शोधनिबंध छापले गेलेले आहेत. गढूळपणा मोजणारं यंत्र लावलं तर त्याचा अर्थ कणांच्या आकारानुसार बदलतो: तेवढ्याच वजनाचं पीठ वाळूपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश विखुरतं. म्हणून यंत्राच्या शेजारीच बाटल्याही भरा, आणि भिंगावर साचणारा चिखल येता-जाता पुसत राहा.

आणि बाटल्या मोजक्याच असतील तर रोज ठराविक वेळी एक भरू नका. रोज दुपारी बाराला घेतलेल्या नमुन्यांत संध्याकाळचं चढतं पाणी कधीच येत नाही. निम्म्या बाटल्या हंगामभर वेगवेगळ्या वेळांना वापरा. उरलेल्या राखून ठेवा आणि पाणी चढायला लागलं की दर तासाला एक, उतरेपर्यंत भरत राहा. वर्षाच्या गाळाचा मोठा हिस्सा अशा दोन-चार दिवसांतच जातो, आणि त्या दिवशी स्वयंचलित यंत्राची नळी हमखास तुंबते, तेव्हा हाताने भरायची तयारी ठेवा.